पाणी कुठे जातं

मी खानापूर तालुक्यातला, बेळगाव जिल्ह्यातला. मराठी शिकवता शिकवता मुख्याध्यापक झालो आणि घरीदारी वह्या तपासल्यासारखे बोलण्याची खोड जडली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात, भरल्या पंगतीत, राऊच्या भाच्याला म्हणालो, "मराठी आईबापांचं पोर तू, अन् दोन वाक्यं धड येत नाहीत?" त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. अक्का एका शब्दानेही बोलली नाही. तेच जास्त लागले.

गेल्या भाद्रपदात राऊला गेलो. इंदूर आता या गावापर्यंत येऊन भिडले आहे. रात्री दाजी म्हणाले, "उद्या मामा-भाचे पाताळपाण्यापर्यंत चालत जा." भाचा म्हणाला, "ठीक है."

पहाटेच निघालो. माळव्याच्या पठारावर त्या दिवसांत पाणीच पाणी असते. गावोगावची तळी काठोकाठ, सोयाबीन पिवळे पडू लागलेले आणि काळी माती बुटांना अशी चिकटलेली की पायात वजनमापे बांधल्यासारखे वाटावे. एका तळ्याकाठी भाचा थबकला. टिबुकल्या बुड्या मारत होत्या. इंदूरजवळची सिरपूर आणि यशवंतसागर ही होळकरांच्या काळातली तळी 2022 साली रामसरच्या यादीत गेली, हे त्याने मला सांगितले, अर्थात हिंदीत. मी ऐकत राहिलो. मोठ्या कष्टाने.

महूला चहा घेतला. 1891 साली बाबासाहेबांचा जन्म इथला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे वर्गात कितीदा सांगितले असेल! प्रत्यक्ष त्या गावात उभे राहिल्यावर मात्र खुर्चीचा अभिमान जरा आवरता घ्यावासा वाटला.

महूच्या पुढे पठार संपत जाते. गंभीर नदीचे पाणी उत्तरेला वळते. क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा करीत बंगालच्या उपसागराला मिळते. थोड्याच अंतरावरची चोरल मात्र विंध्याचा कडा उतरून नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्राला जाते. आमच्याकडेही हेच. मलप्रभा कणकुंबीहून पूर्वेला कृष्णेकडे निघते आणि त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात उतरते. मी हे बोललो तेव्हा भाच्याने सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले.

दुपारी पाताळपाणी गाठले. घाटातून रेल्वे जाते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते. राजाने सरकारला दिलेले कर्ज! हे भाच्याला सांगावे म्हणून मागे पाहिले, तर तो कठड्याशी भजी घेत होता. मी बुटांची माती धुवायला धबधब्याच्या वरच्या खडकांवर उतरलो. पाणी घोट्याएवढेच. एक पाय टेकला असेन-नसेन.

"मामा! मागे या! वर या म्हणतो ना!"

हाक मराठीत होती. मी वर आलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. 2011 च्या जुलैत याच खडकांवर सहलीला आलेली माणसे वरून अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. आकाश इथे कोरडे असले तरी पाणी डोंगरात पडलेले असते.

बराच वेळ आम्ही दोघे गप्प बसलो. मग मीच विचारले, "इतकी स्वच्छ मराठी येते, तर बोलत का नाहीस?"

"तुम्ही चुका मोजता," तो म्हणाला. "आईसोबत बोलतो की. ती मोजत नाही."

उत्तर सुचेना. "त्या पंगतीत मी चुकलो," एवढेच कसेबसे म्हणालो. तो हसला. "मामा, तुम्ही पण सकाळपासून 'होय की', 'बघा की' म्हणून राहिलेत. हे कुठल्या व्याकरणात आहे?"

आमच्याकडचे कानडी वळण आहे ते. तपासणीला आलेले एक पाहुणे त्यावरून मलाच हसले होते. ते मी त्याला सांगितले. भजी थंड झाली होती, तरी संपवली.

परतीला महूपर्यंत चालायचे, पुढे बस. गुडघा कुरकुरत होता. त्याने माझी पिशवी न विचारता खांद्याला लावली. तळ्यावर ढग उतरले होते.

"मामा, लवकर चला. पाऊस येऊन राहिलाय."

जीभ शिवशिवली.

"होय की," मी म्हणालो, "येऊन राहिलाय."