जुन्या चेनीचे दुसरे काम

महाराष्ट्रातील जी पिढी भाड्याच्या काळ्या सायकलीवर नळीखालून पाय घालून शिकली आणि मध्यम वयात गिअरच्या सायकलीकडे वळली, तिच्यासाठी मागच्या चाकाच्या चकत्या काढण्याचे शास्त्रच मधल्या काळात बदलून गेले. काळ्या सायकलीचे फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी खटक्यांची यंत्रणा, आट्यांनी हबवर बसलेले असे आणि पायडल मारावे तसे ते आवळतच जाई, त्यामुळे ते काढणे हे दुकानदाराचेच काम मानले जाई. शिमानो या जपानी कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये ही यंत्रणा हबचाच भाग झाली आणि चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, तिच्यावरील उभ्या खाचांत सरकवला जाऊ लागला. तो जागेवर राखण्याचे काम सुरुवातीला सर्वांत लहान चकती आपल्या आट्यांनी करी, पुढे ते लॉकरिंग नावाच्या वेगळ्या कड्याकडे आले.

हे कडे उलट्या दिशेने फिरवून सैल होते खरे, परंतु त्याच दिशेला फ्रीहबही मोकळा फिरतो, म्हणून पान्याचा सारा जोर नुसत्या टकटकीत वाया जातो. खरा प्रश्न कडे फिरवण्याचा नसून चकती अडवून धरण्याचा आहे, आणि त्यासाठी दुकानात मिळणारा चेन-व्हिप म्हणजे दांड्याला जोडलेला चेनीचा तुकडाच असल्याने, झिजून लांबलेली चेन येथे पुन्हा कामी येते. लोखंडी पट्टीच्या टोकाला भोक पाडून, चेनीची एक पिन काढलेल्या जागी बारीक बोल्ट घालून तिचे टोक तेथे अडकवावे, उरलेली चेन एखाद्या मोठ्या चकतीभोवती गुंडाळावी आणि मोकळे टोक पट्टीलगत पकडीत घट्ट धरावे, म्हणजे चकती जागची हलत नाही. काळ्या सायकलीची अडगळीतील चेन मात्र येथे चालत नाही, कारण दोन पिनांमधील अर्ध्या इंचाचे अंतर दोन्हींत सारखे असले तरी ती जाड असल्याने दाटीने बसलेल्या चकत्यांमध्ये मावत नाही.

लॉकरिंगच्या बाबतीत असा जुगाड करू नये. छिन्नी-हातोडीने त्याच्या खाचा ठोकल्या की त्या चेपतात, आणि मग योग्य पानाही त्यांत बसत नाही. त्यापेक्षा बारा दात्यांचा स्वस्त पाना विकत घ्यावा आणि तो निसटू नये म्हणून चाकाच्या क्विक रिलीजची दांडी त्यातून घालून हलकेच आवळावी, मात्र कडे सुटताच ती सैल करावी, कारण बाहेर येऊ पाहणाऱ्या कड्याला तीच अडवते.

पुन्हा बसवताना फ्रीहबची एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असल्याने चकत्या एकाच प्रकारे बसतात, आणि कड्याला ४० न्यूटन-मीटर, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्यावर सुमारे १६ किलोचा, जोर द्यावा लागतो. शेवटच्या फेऱ्यात येणारी करकर ऐकून नवशिके हात आखडता घेतात. ती कड्याच्या आतील बाजूच्या बारीक दातऱ्यांची असते, तेव्हा तेथे न थांबता पाना पुढे रेटावा.