एक नंबर कोपरा!

कोल्हापूरला निघालं की मित्रमंडळींच्या ऑर्डर्स ठरलेल्या. एकाला चपला, दुसरीला कांदा-लसूण मसाला, तिसऱ्याला नुसता तांबड्या-पांढऱ्याचा फोटो पाठवून जळवायचं. पण गेल्या जुलैत मी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली ती चक्क एका हॅमस्टरच्या शी-शूसाठी. हसू नका, मामला सीरियस होता!

शुक्रवार पेठेत माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. बँकेत नोकरी, घरात आई-बाबा आणि आजी. वाढदिवसाला ऑफिसच्या ग्रुपने तिला हॅमस्टर गिफ्ट दिला. वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम, पण रात्रभर चाकावर धावतो म्हणून नाव पडलं ‘पैलवान’. उन्हाळा मजेत गेला. पावसाळा लागला, खिडक्या बंद झाल्या आणि घरभर वास सुटला. आजींनी अल्टिमेटम दिला, ‘‘उंदरं घालवायला लोक मांजर पाळत्यात, ह्यांनी उंदीरच पाळलाय! रविवारपर्यंत वास गेला तर बरं, न्हाईतर सोमवारी मी जातो आणि रंकाळ्यावर सोडून येतो.’’ (जातो, येतो... कोल्हापुरी बायकांची ही भाषा ऐकायला मी कधीही तिकीट काढायला तयार असते.)

पण रंकाळ्यावर सोडणं म्हणजे ‘निसर्गात सोडणं’ नव्हे. हा प्राणी मुळात सीरियातल्या अलेप्पोच्या कोरड्या शेतांतला. कोल्हापूरच्या जुलैत तो भिजून गारठणार, नाहीतर मांजराच्या तोंडी जाणार. म्हणजे आमच्या हातात होते फक्त दोन दिवस.

जनावरांचं गाव

खरं तर प्राणी पाळणं कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. संस्थानकाळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जात. हत्तींच्या झुंजींची साठमारी आज भागाचं नाव बनून उरली आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी शिंगं रंगवून अशा काही मिरवतात की रॅम्पवरच्या मॉडेल्सनी नोट्स घ्याव्यात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढायची आणि फेसाळ, कोमट दूध थेट ग्लासात. नाद खुळा! ग्लास हातात होता, पण माझं लक्ष होतं म्हशीच्या मागे. शेण पडलं की गवळीमामा लगेच उचलून पाटीत टाकत होते. मी विचारलं, ‘‘मामा, वास येत नाही?’’

‘‘उचलाय उशीर झाला की येतोय. म्हशीला काय वास नसतोय ताई. खाली कोरडं पायजे, बास.’’

सव्वाशे ग्रॅमचा फंडा साडेचारशे किलोच्या जनावराशेजारी उभं राहून कळला.

नाइट शिफ्ट

हॅमस्टर दिवसा झोपतो, रात्री कामाला लागतो. म्हणून जेवण उरकून आम्ही पिंजऱ्यासमोर बसलो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला, कारण लाल प्रकाश त्याला फारसा जाणवत नाही. बाहेर धो धो पाऊस. रात्री साडेबाराला पैलवान उठला, अंग ताणलं, घरट्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेला, शेपटी उचलली आणि काम झालं! दोन वाजेपर्यंत तीनदा गेला. तिन्ही वेळा तोच कोपरा.

यात नवल काहीच नाही. अलेप्पोच्या परिसरात संशोधकांनी रानटी हॅमस्टरची बिळं उकरून पाहिली आहेत. एक खोली झोपायची, एक धान्याच्या साठ्याची आणि शूसाठी वेगळा, पुढे बंद असलेला बोगदा. आपल्या वन-बीएचकेपेक्षा प्लॅनिंग बरं! १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी याच भागातल्या एका बिळातून एका मादीची पिल्लं जेरुसलेमला नेली. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज. पिंजऱ्यात जन्मलेल्या पैलवानानेही बिळातली ती सवय सोडलेली नाही.

म्हणजे हॅमस्टरला जागेवर शू करायला शिकवायचं नसतंच. त्याने निवडलेली जागा आपण ओळखायची असते. शीचं मात्र तसं नाही. लेंड्या तो कुठेही टाकतो, त्यातल्या काही स्वतःच खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं परत मिळतात. लेंड्या कोरड्या असतात, त्यांना वासही फारसा नसतो. वास येतो तो शूचा!

फिनेल नको रे बाबा

मग घरात इतका वास का? कारण आठवडाभर कुणी पिंजऱ्याला हात लावायचं नाही आणि रविवारी सगळं अंथरूण फेकून फिनेलने पिंजरा घासायचा. आठवडाभर ओला कोपरा मुरायचा. त्यातून सुटणारा अमोनिया आपल्या नाकाला झोंबतो, तर त्यातच झोपणाऱ्या जिवाच्या फुप्फुसांचं काय होत असेल? फिनेलचा वास तर त्याहून वाईट. शिवाय हॅमस्टर घर ओळखतो वासाने. तो पुसून टाकला की तो बिथरतो आणि घाईघाईने पुन्हा जागोजागी खुणा करत सुटतो. म्हणजे जितकी जास्त धुलाई, तितकी जास्त घाण!

रविवारी आम्ही बाजाराला निघालो. एका छापखान्यातून कोऱ्या कागदाच्या कातरणी मिळाल्या, अगदी फुकट. लाकडाचा भुसा घेतला नाही. त्याची धूळ नाकात जाते आणि चीड-देवदारासारख्या वासाच्या लाकडातली द्रव्यं या प्राण्यांना बाधतात. कापूसही नको, कारण त्याचे धागे पायाला गुंडाळतात. शिरोलीच्या फाउंड्र्यांमुळे इथं वाळूला तोटा नाही, पण ती वाळू बारीक धुळीची आणि रसायनं मिसळलेली, म्हणून तीही बाद. आम्ही नदीची जाडसर वाळू चाळली, नितळ पाणी येईपर्यंत धुतली आणि कढईत भाजून कोरडी केली. (आजी बघत होत्या. कढई जुनी होती, म्हणून वाचलो.) मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी लिटर चालत नाही. ती गालाच्या पिशवीत किंवा पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

पैलवानच्या आवडत्या कोपऱ्यात काचेचा बसका बाउल ठेवला, त्यात वाळू आणि वर चिमूटभर त्याचंच ओलं अंथरूण, पत्ता कळावा म्हणून. बाकी पिंजऱ्यात वीतभर जाडीच्या कातरणी. घरटं आणि जुन्यातलं मूठभर कोरडं अंथरूण तसंच ठेवलं.

आता रूटीन लिहून घ्या. बाउलमधली ओली वाळू रोज काढायची. लपवून ठेवलेली काकडी-गाजरंही रोज, कारण ती कुजतात. अंथरूण थोडं थोडं बदलायचं. पूर्ण सफाई तीन-चार आठवड्यांतून एकदा, तीही गरम पाण्याने. शूचे पांढरे डाग निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी घेतलं की सुटतात. बाउल किचनच्या सिंकमध्ये धुवायचा नाही आणि नंतर हात साबणाने. हॅमस्टरला मात्र कधीच आंघोळ नाही, तो कोरड्या वाळूत लोळून स्वतःच चकाचक होतो. टाकाऊ कागद जयंती नाल्यात नाही, फुलझाडांच्या कुंड्यांच्या खतात. पंचगंगेला आधीच पुरेसा त्रास आहे.

आणखी एक फायदा. रोज कोपरा बघितला की तब्येत कळते. शू दुधाळ दिसली तर घाबरू नका, हॅमस्टरमध्ये ते नॉर्मल आहे. पण त्यात रक्त दिसलं, तो अचानक खूप पाणी प्यायला लागला किंवा शेपटीजवळ ओलं होऊन पातळ शी सुरू झाली, तर त्याच दिवशी व्हेट गाठा. ‘वेट टेल’मध्ये लहान पिल्लं एक-दोन दिवसांतही दगावतात.

सोमवारी सकाळी बाउलमधल्या वाळूत एक ओला गोल डाग होता. घरातला वास पूर्ण गेला नव्हता, पण चहा पिताना कुणी नाकाला पदर लावला नाही. आजींनी पिंजऱ्यात डोकावून जाहीर केलं, ‘‘ऱ्हाऊ दे आणि एक आठवडा.’’ पैलवानला मुदतवाढ!

तेव्हा मंडळी, कुणाला हॅमस्टर गिफ्ट देण्याआधी त्याच्या घरात रोज पाच मिनिटं कुणाकडे आहेत ते विचारा. आणि तुमच्या घरी तो आलाच असेल, तर फिनेलची बाटली लांब ठेवा आणि एक रात्र जागा. कोपरा तो स्वतःच दाखवेल.