पहिली टोपी गोलच विणावी

विणकाम शिकायचं म्हटलं की आपल्याकडे दोन सरळ सुया हातात पडतात आणि सुरुवात मफलरपासून होते. इतकी वर्षं विणल्यावर मला हा क्रम पटेनासा झाला आहे. पहिली वस्तू टोपी असावी आणि ती गोल सुईवर व्हावी, असं माझं ठाम मत आहे. सरळ सुयांवरही टोपी होते, घरोघरच्या बाळटोप्या पट्टी विणून मागून शिवलेल्या असतातच. पण त्यात नवख्या हाताला सुलट, उलट आणि शिवण अशा तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. शिवाय शिवण जाड झाली तर मानेला टोचते ती वेगळीच. गोल विणताना कापडाची सुलट बाजू कायम आपल्यासमोर असते. परतीची ओळ नसल्यामुळे प्रत्येक फेरी सुलट विणली की झालं. उलट टाका बहुतेकांच्या हातून थोडा सैल पडतो आणि मग सपाट कापडावर आडव्या रेघा उमटतात. तो प्रश्नच इथे उरत नाही.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की काठाला एक सुलट एक उलट घातल्याशिवाय टोपी बसणार कशी? काठ ताणला जाऊन पुन्हा आवळावा, यासाठी ती वीण उत्तम, हे मान्य. पण नुसता सुलट विणलेला काठ आपोआप बाहेरच्या बाजूला गुंडाळला जातो आणि त्याची छान गोल किनार होते. पहिल्या टोपीला तेवढं पुरे. आणि गोल विणणं काय, विणलेली टोपी काय, ही काही आजची टूम नाही. हँबर्गच्या कलासंग्रहालयात १४०० च्या आसपासचं एक वेदीचित्र आहे, त्यात मेरी चार सुयांवर बाळाचा अंगरखा गोल विणताना दिसते. इंग्लंडमध्ये तर १५७१ मध्ये कायदाच झाला होता, की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणाला विणलेली लोकरी टोपी घालावी. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा वाचवायला केलेला हा कायदा १५९७ मध्ये रद्द झाला. (डोक्यावर काय घालावं हे सरकारने सांगितलं की लोक किती ऐकतात, हे निराळं सांगायला नको.)

माझा खरा मुद्दा मात्र हिशेबाचा आहे. मफलर कितीही लांब विणा, त्यातून आकार कसा घडतो ते कळत नाही. टोपीत ते डोळ्यांसमोर घडतं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सें.मी. टोपी किंचित ताणून बसावी म्हणून घेर ४८ धरायचा. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सें.मी. मध्ये २० टाके बसत असतील, तर ९६ टाके घालायचे. पंधरा-सोळा सें.मी. सरळ विणलं की माथा सुरू. ९६ चे बारा-बाराचे आठ भाग करायचे. प्रत्येक भागात १० टाके सुलट आणि शेवटचे दोन एकत्र, म्हणजे फेरीला आठ टाके कमी. पुढची फेरी साधी. असं एकाआड एक केलं, की अकराव्या घटीनंतर सुईवर आठच टाके उरतात. लोकर तोडून त्यांतून ओवून खेचायची. आता आठच का? साधारण ०.३६ सें.मी. उंचीच्या दोन फेऱ्यांत माथा जेमतेम ०.७ सें.मी. आत सरकतो. तो थाळीसारखा सपाट हवा असेल तर तेवढ्यात घेर सुमारे साडेचार सें.मी. ने घटायला हवा, कारण घेर त्रिज्येच्या सव्वासहा पट असतो. आठ टाके म्हणजे चार सें.मी. सपाटपणाला अर्धा सें.मी. कमी पडतो, म्हणून माथा हलका घुमटाकार होतो. आठऐवजी सहाच टाके घटवले तर टोपी टोकदार होईल. शाळेत रुक्ष वाटलेला π इथे बोटांना कळतो.

अडचणी आहेत, नाही असं नाही. टाके जोडताना सुईभोवती पीळ राहिला तर पुढे सगळं उसवावं लागतं, कारण ती नळी कधीच सरळ होत नाही. उपाय सोपा: पहिल्या दोन ओळी सपाट विणून मग जोडावं. कापडाची पट्टी तयार झाली की पीळ चटकन दिसतो, आणि राहिलेली फट सुरुवातीच्या शेपटाने शिवून टाकता येते. पट्टे घातले तर रंग बदलताना एक पायरी दिसते, ती मला मान्य आहे. पहिली टोपी एकरंगी ठेवावी हे बरं. सुयांच्या खर्चाचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. माथ्याशी टाके आखूड गोल सुईवर पुरत नाहीत आणि मग दोन टोकांच्या सुया लागतात, हे खरं. पण ८० सें.मी. ची एकच लांब सुई घेऊन तिची जादा तार टाक्यांच्या मधून बाहेर काढली, तर काठापासून शेंड्यापर्यंत तीच चालते.

राहिला शेवटचा आक्षेप, की आपल्या हवेत लोकरी टोपी घालणार कोण आणि शिकायचा तर स्वेटरच असतो. एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-लेखिकेने गोल विणीचा आयुष्यभर पुरस्कार केला. स्वेटरआधी नमुन्याचा चौकोन विणून फेकण्यापेक्षा टोपीच विणा, असं ती सांगे. चौकोन सपाट विणलेला, त्याची मापं गोल विणीला नेमकी लागू पडत नाहीत, टोपीची पडतात. टोपीवर १० सें.मी. मध्ये २० टाके भरले आणि अंगावर स्वेटरचा घेर १०० सें.मी. हवा असला, तर २०० टाके घालून सुरुवात करावी, आणि तीही गोलच.