साखरेस रामराम

तंबाखूचा निरोप घेतांना चार्ल्स लँबनें १८०५ सालीं एक कविता रचली. आणि अफूच्या पाशाची हकीकत डी क्विन्सीनें १८२१ सालीं इतक्या बहारीनें सांगितली कीं, जन्मांत अफू न पाहिलेले लोकहि ती अजून आवडीनें वाचतात. हे दोन्ही ग्रंथकार आम्ही वर्षानुवर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों. परंतु साखर सोडणाऱ्याचें दुःख कोणा निबंधकारानें गाइलेलें आमच्या वाचनांत नाहीं. कारण उघड आहे. अफू सोडणारा शूर दिसतो, साखर सोडणारा हास्यास्पद दिसतो.

आम्हीं साखर सोडली ती वैराग्यानें नव्हे. आमच्या वडील बंधूंस मधुमेहानें दहा वर्षें छळलें आणि अखेर तो त्यांच्या डाव्या पायाचीं दोन बोटें घेऊन गेला. म्हणून पन्नाशी उलटल्यावर आमच्या रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टर जेव्हां म्हणाले, “अजून आंत आलेला नाहीं, पण दारांत उभा आहे,” तेव्हां दारांत कोण उभा आहे हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं. या रोगाला आमच्याकडे बोलण्यांत सरळ ‘शुगर’च म्हणतात. ज्या पदार्थानें पाहुण्याचें स्वागत करावयाचें, ज्याचा पुडा दिल्यावांचून सोयरीक पक्की होत नाहीं, त्याचेंच नांव रोगाला द्यावें, हा भाषेचा विनोद थोडा क्रूरच म्हटला पाहिजे.

नागपूरकरांस या बाबतींत उपदेशाची वाण नाहीं. येथील डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनीं, खरी भूक लागेल तेव्हां दिवसांतून दोनच वेळां जेवावें, मधल्या खाण्यागणिक शरीरांत इन्शुलिन स्रवतें, असें व्याख्यानांतून सांगितलें, पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो विचार महाराष्ट्रभर पसरविला. दोन जेवणांचा नियम सर्वांस मानवतो कीं नाहीं, या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण मधल्या वेळच्या गोड चहाकडे संशयानें पाहण्यास आमच्या ओळखीच्या कित्येक घरांनीं त्यामुळें आरंभ केला, एवढें खरें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, पदार्थांत वरून घातलेली साखर, आणि तिच्याच जोडीला मध व फळांचा रस, यांतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं १० टक्क्यांहून कमीच मिळावेत. ५ टक्क्यांपर्यंत उतरल्यास अधिक बरें. हे ५ टक्के म्हणजे सुमारें २५ ग्रॅम, चहाचे ६ चमचे. आमच्या प्राध्यापक-कक्षांतील तीन पेल्यांतच तें माप भरत असे. सीताबर्डीवरून येणारी संत्रा-बर्फी निराळी.

मिष्टान्नें आम्हीं एकदम बंद केलीं. चहांतील साखर मात्र चमच्याचमच्यानें उतरविली. चहाच टाकून देण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि मग डोकें फुटूं लागलें कीं ते साखरेला दोष देतात. वास्तविक तो कॅफीनचा वियोग असतो. त्याची डोकेदुखी १२ ते २४ तासांत सुरू होते, एकदोन दिवसांत कळसास पोंचते आणि आठवडाभरहि रेंगाळूं शकते. दोन वैरी एकाच वेळीं अंगावर घेऊं नयेत, हें आमच्या शरीरशास्त्राच्या सहकाऱ्यांनीं आधींच बजावलें होतें.

तरी पहिले दहा दिवस कठीण गेले. दुपारीं चार वाजतां मन कशांतहि लागेना. रात्रीं जेवणावरून उठलें कीं कांहीं तरी राहून गेल्याप्रमाणें हात फडताळाकडे वळे. स्वभाव तर इतका तिरसट झाला कीं, उत्तरपत्रिका तपासण्याचें काम आम्हीं त्या आठवड्यांत मुद्दाम लांबणीवर टाकलें. परीक्षार्थ्यांचें नशीब आमच्या फडताळावर अवलंबून असूं नये. प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्या दिवसांत आमच्या वाचनांत आला. उंदरांना रोज कांहीं तास उपाशीं ठेवून मग साखरेचें पाणी मनसोक्त पाजलें, आणि महिन्याभरानें अफूचा गुण मारणारें औषध टोंचलें, तेव्हां त्यांचे दांत कडकडूं लागले व पुढचे पाय थरथरूं लागले. मनुष्याच्या बाबतींत यास व्यसन म्हणावें कीं काय, याविषयीं शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. आमचे दांत वाजले नाहींत, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. मात्र जे मधुमेहाचीं औषधें घेतात त्यांना घाम सुटून कांपरें भरलें, तर ती रक्तांतील साखर फार उतरल्याची खूण असूं शकते. तेथें साखर तत्काळ तोंडांत घालणें हाच धर्म.

चार वाजतां मूठभर भाजलेले शेंगदाणे, रात्रीं जेवणाशेवटीं एक संत्रें, रस काढून नव्हे, फोडी चावून, आणि वेळेवर झोंप, एवढ्या शिदोरीवर तो पंधरवडा निभावला. तिसऱ्या आठवड्यांत दुधाला स्वतःची गोडी असते हा शोध लागला. देहाची तक्रार तेथें मिटली.

माणसांची मिटली नाहीं. इंग्लंडांत १७९१ सालीं गुलामांच्या श्रमाची म्हणून वेस्ट इंडीजची साखर लोकांनीं सोडली. अशा घरांतील माणसें सुमारें तीन लाख असावींत, असा क्लार्कसनचा अंदाज होता. आपल्याकडे १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत कापडाबरोबर परदेशी साखरेवरहि बहिष्कार पडला. त्या मंडळींना पुढें आलेली वाटी मान ताठ ठेवून परत करतां येत असे. आम्हीं काय सांगावें? रोग जडलेल्याची लोक कींव करतात. तो जडूं नये म्हणून जपणारा त्यांना शिष्ट वाटतो.

महालांत आमच्या आत्याबाई राहतात, वय ८४. शाळेच्या दिवसांत आम्ही त्यांच्याच घरीं होतों. तेव्हां साखर रेशनवर मोजून मिळे. आत्याबाई स्वतः बिनसाखरेचा चहा पीत आणि ‘मला गोड सोसत नाहीं’ असें म्हणत. आमच्या दुधांत मात्र रोज दोन चमचे पडत. तें सोसणें न सोसणें काय होतें, हें कळण्याइतके आम्ही मोठे झालों तोंवर त्यांच्या चहांत साखर परत आली होती.

त्यांच्यापुढें आम्हीं “साखर नको” म्हटलें, तेव्हां त्या क्षणभर गप्प राहिल्या.

“काय रे, माझ्या हातचं गोड आतां सोसत नाहीं का तुला?”

आम्हीं दादांच्या पायाचें नांव काढलें. त्यांनीं मान हलविली, आंत गेल्या, आणि बिनसाखरेचा चहा स्वतः करून आणला. बशींत खडीसाखरेचा एक खडा होता. “चहांत नाहीं घातली,” त्या म्हणाल्या, “हा नुसता असूं दे.”

दर रविवारीं तसाच एक खडा बशींत असतो. त्यांची नजर आतां अधू झाली आहे. आम्ही तो सदऱ्याच्या खिशांत टाकतों. परवां सौभाग्यवतींनीं धुण्याला काढलेला सदरा झटकून विचारलें कीं, साखर सोडलेल्या माणसाच्या खिशांत इतक्या मुंग्या कशा.