तंबोऱ्यामागोमाग मिरजेस

गायनाच्या बैठकीचा वृत्तान्त लिहावयाचा म्हणजे कोणी काय गायिले, साथीस कोण होते, कोणत्या तानेस टाळी पडली, एवढे सांगून लेखक मोकळा होतो. बैठक कोठे झाली, श्रोता गवयापासून किती हातांवर बसला होता, पाठीशी भिंत होती की मोकळे मैदान, याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. आमच्या घरी मात्र हाच प्रश्न गेल्या हिवाळ्यात मोठ्या निकडीचा होऊन बसला, आणि त्यापायी आम्हांस मिरजेची वाट धरावी लागली.

आमच्या थोरल्या काकूंचे वय त्र्याऐंशी. माहेरी असता त्या चार वर्षे गाणे शिकल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी मिरजेहून तंबोरा आणवून दिला होता. तो लग्नानंतर त्यांच्यासमवेत सासरी आला, आणि सासरी आल्यावर माळ्यावर गेला. त्या काळच्या घरांत असेच होत असे. कोणी मोडता घातला असेही नव्हे, बारा माणसांच्या स्वयंपाकात खर्ज लावावयास वेळ कोठून मिळणार? गाणे सुटले तरी ऐकणे मात्र काकूंनी कधी सोडले नाही. घरातील तीन पिढ्यांना षड्जाची ओळख त्यांनीच करून दिली.

काकूंचे ऐकणे म्हणजे मुख्यत्वे सवाई गंधर्व महोत्सव. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व सन १९५२ मध्ये पुण्यास वारले, आणि पुढल्याच वर्षी आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा उत्सव सुरू केला. रेणुकास्वरूप शाळेच्या पटांगणावर, पुढे रमणबागेत, काकू सतरंजी, शाल आणि कॉफीची थर्मास घेऊन बसत. तेव्हा गाणे रात्रभर चाले. मध्यरात्रीनंतर मालकंस, दरबारी. झुंजुमुंजू झाले की ललित, तोडी. आणि शेवटच्या पहाटे गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी हे गुरुबंधुभगिनी आपल्या गुरूंच्या नावाने गात. अखेरीस स्वतः सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागे, हजारो माणसे निःशब्द होत, आणि मग लोक दूधवाल्यांच्या बरोबरीने घरी परतत. ध्वनिमुद्रिकेची प्रथा पुढेही चालू राहिली. रात्र मात्र गेली. रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवण्याचा नियम आला. तो गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही, मंडपाशेजारी राहणाऱ्या आजाऱ्यांनाही झोप हवीच. पण त्या नियमाबरोबर उत्तररात्रीचे राग जाहीर बैठकींतून जवळजवळ हद्दपार झाले, हेही नमूद केले पाहिजे. भीमसेनजी सन २०११ मध्ये गेले, उत्सवाच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले, आणि सन २०१८ पासून मंडप रमणबागेतून मुकुंदनगरास हलला. काकू तेथेही गेल्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना शहरातील एका मोठ्या मंडपात गाणे ऐकावयास नेले. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. सगळे मोठे मंडप या बाबतीत सारखेच. आम्हांस मिळालेल्या खुर्चीवरून गवई अंगठ्याएवढा दिसत होता. दोन्ही बाजूंस त्याचे प्रचंड चित्र पडद्यावर हलत होते, आणि सूर गळ्यातून न येता डाव्या हातच्या कर्ण्यांच्या मनोऱ्यातून येत होते. काकूंना अलीकडे दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. वरच्या सुरांचा भाग जवळजवळ गेला आहे. खालचे सूर अद्याप पुष्कळ शाबूत आहेत. कानात यंत्र असते, पण कर्ण्याचा आवाज त्या यंत्रातून आणखी मोठा होऊन शिरला की गाण्याचा नुसता गोंगाट होतो. विलंबित संपण्याच्या सुमारास काकूंनी यंत्र काढून बटव्यात टाकले आणि उरलेला दीड तास त्या हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिल्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, “अरे, पुढच्या वर्षी माझं तिकीट काढू नका. ते पैसे फुकट जातात.”

यावर आमच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट केली. माळ्यावरचा तंबोरा खाली काढला.

भोपळ्यास केसाएवढी चीर गेली होती, दोन खुंट्या घुशींनी कुरतडल्या होत्या, तारांचा तर पत्ताच नव्हता. पुतण्याने तो गाडीने मिरजेस पोहोचता केला. महिन्याभराने कारागिराचा फोन आला. चीर बुजवली आहे, खुंट्या नव्या बसवल्या आहेत, तारा चढवल्या आहेत. जवारी मात्र मालकिणीच्या समक्षच लावीन, कारण ज्याच्या कानासाठी लावायची तो कान पाहिल्याविना हात चालत नाही. काकूंनी हे ऐकले आणि म्हणाल्या, “कान पाहून काय करणार तो? पण जाऊ या.” चौकशी करता कळले की त्याच दिवसांत मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस आहे. उरूस मुसलमानी महिन्यांच्या हिशेबाने येतो, म्हणून त्याची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. यंदा तो थंडीत आला होता. उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणी होतात, हे काकूंना त्यांच्या वडिलांकडून ठाऊक होते. वडील जात असत. मुलीस कधी नेले नव्हते.

पुण्याहून गाडीने सहा-साडेसहा तासांत आम्ही मिरजेस उतरलो. शहराच्या गजबजाटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मिरजेत निम्मी माणसे दवाखान्यांसाठी आलेली असतात आणि निम्मी गाडी बदलण्यासाठी. पण सतारमेकर गल्लीत शिरलो की वासच पालटतो. लाकडाचा भुसा, सरस आणि लाख यांचा मिळून तो वास असतो. दुकानांच्या छताला भोपळे टांगलेले, एखाद्याचे पोट दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या रानांतून येतात. खाण्याचे नव्हेत, कडू असतात, आणि पुरते वाळवून मगच कापले जातात. येथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारे घडविणारे नि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि त्यांचा धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने हात वाद्यांकडे वळविला. पुढे त्याच घराण्यांनी देशभरच्या गवयांचे तंबोरे घडविले. सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या कारागिराने त्याचे प्रमाणपत्र मागण्यापूर्वीच दाखविले आणि लगेच म्हणाला, “कागद चांगला आहे, पण पोरं हे काम शिकायला बसत नाहीत.”

काकूंना त्याने पाटावर बसविले नाही, स्वतःची गादी दिली. मग घोडी समोर घेतली. जवारी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, किंचित उताराचा असतो. तार छेडली की ती त्या उतारास घासते आणि एका सुरातून पुष्कळ सूर जागे होतात. हा उतार केसभर चुकला तर तंबोरा मुका होतो किंवा बेंडबाजासारखा ओरडतो. कारागीर कानशीने दोन हात मारी, तार चढवी, छेडी, मान हलवी, तार उतरवी, पुन्हा दोन हात. मग घोडी आणि तार यांच्या मधे सुताचा धागा सरकवून नखाने मागेपुढे करी. तास उलटला. काकूंना काय ऐकू येत होते कोण जाणे. त्या त्याच्या बोटांकडे पाहत होत्या.

शेवटी त्याने तंबोरा त्यांच्याकडे दिला. काकूंनी तो मांडीवर उभा घेतला आणि आपली कानशिले दांडीस टेकवली. साठ वर्षांपूर्वी मुली अशाच बसत असाव्यात. बोटे सवयीने फिरली, पंचम, दोन षड्ज, खर्ज. पंचमाशी त्यांचा चेहरा तसाच कोरा राहिला. जोडीच्या तारांपाशीही राहिला. खर्जाची तार घुमली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळ त्या तीच एक तार छेडीत राहिल्या. कारागिराने मुलाला खूण करून शेजारचे लाकूड तासणे थांबवावयास सांगितले.

“आजी, आलं का?” त्याने विचारले.

“खालचं आलं,” काकू म्हणाल्या. “वरचं आहे असं धरून चालते.”

त्याने धागा पुन्हा किंचित मागे घेतला. खर्ज आणखी भरून आला. या फेरफाराचे पैसे त्याने घेतले नाहीत.

सायंकाळी दर्ग्यास गेलो. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचे हे स्थान मिरजेतील सर्व जातींचे आहे. उरुसातील मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून येतो, ही चाल फार जुनी. खाँसाहेब मूळचे कैराण्याचे, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले; जन्म १८७२. प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेने उठलो, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्यानंतर मिरज हेच त्यांचे घर झाले. दर उरुसास ते आवारातील चिंचेच्या झाडाखाली बसून गात. ऐकणारा सरदार आहे की भाजीवाला याची त्यांना पर्वा नसे. सन १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडून पाँडेचरीस जाताना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर त्यांचा देहान्त झाला, आणि त्यांना आणून येथेच ठेवले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, म्हणजे आमच्या काकूंच्या साऱ्या रात्रींचे मूळ या आवारातले. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, कबरीवर गुलाबाची फुले वाहिली आणि आपल्या रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. आमच्या आजीच्या काळी यावरून घरात दोन दिवस अबोला झाला असता.

बाहेर उरुसाची जत्रा भरली होती. पाळणे, बांगड्या, पिपाण्या आणि मिठाईची दुकाने. त्या कोलाहलात गाणे होणार कसे, अशी आम्हांस धास्ती वाटली, आणि ती अगदीच खोटी ठरली असे नाही. कर्णे येथेही होते. विलंबिताच्या ऐन समेस बाहेरून पिपाणी वाजे. म्हणून मिरजेत सर्व शुद्ध आणि पुण्यात सर्व बिघडले, असे कोणी समजू नये. पण येथे तिकीट नव्हते, खुर्च्यांची उतरंड नव्हती, आणि वहिनींनी एका स्वयंसेवकास काकूंचे कान दाखवून दोन शब्द सांगताच त्याने त्यांना बोट धरून गवयाच्या उजव्या हाताला, तंबोरा घेऊन बसलेल्या मुलीच्या पाठीमागे, बसविले. दोन हातांचेही अंतर नसेल.

प्रथम एका तरुण गायिकेने मारुबिहाग मांडला. आवाज सुरेल, पण घाई फार. राग उलगडण्याआधीच तानांचा पाऊस. तिचा तारषड्ज ऐकून लोकांनी वाहवा केली, आणि काकू आजूबाजूस पाहून हसल्या, कारण त्यांच्यापुरता तो षड्ज लागलाच नव्हता. दुसऱ्या गवयाचे वय पन्नाशीचे असावे. त्याने मालकंस घेतला. मंद्र सप्तकातून तो वर येण्यास मुळीच तयार नव्हता. पंधरा मिनिटे धैवत-निषादाच्या आसपास, षड्जाच्या खाली, पायरी पायरी चाचपीत होता. मागे काही मंडळी चुळबुळ करू लागली; चहाचे पेले फिरले. आम्ही काकूंकडे पाहिले. यंत्र त्यांनी कधीच काढून ठेवले होते. डावा तळवा त्यांनी जमिनीवर, फरशीवर टेकला होता, आणि उजव्या हाताची बोटे मांडीवर ताल धरीत होती. समेवर ती बोटे चुकत नव्हती.

गवयाने अखेर मध्य षड्ज लावला तेव्हा सर्वांच्या आधी काकूंची मान हलली.

रात्री मुक्कामाच्या खोलीत त्यांनी वहिनींना जवळ घेऊन विचारले, “नंतर द्रुतात त्यानं काय काय केलं गं? मला तिथलं काही लागलं नाही.” वहिनींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, आपल्या जाडसर आवाजात, आठवेल तेवढे गाऊन दाखविले. वहिनी चांगल्या गात नाहीत. काकूंनी दोन ठिकाणी दुरुस्तीही केली, आपण ते ऐकले नव्हते हे विसरून.

परतीच्या प्रवासात कारागिराने तारा सैल करून ठेवण्यास बजावले होते. काकूंनी बाकीच्या उतरू दिल्या, खर्जाची तेवढी उतरू दिली नाही. वरच्या फळीवर तंबोरा ठेवण्याची आमची सूचनाही त्यांनी फेटाळली. खोळ घातलेला भोपळा साऱ्या वाटभर त्यांच्या गुडघ्यांशी उभा होता. किर्लोस्करवाडी मागे पडली, कराड आले. गाडीच्या धडधडीखेरीज आम्हांस काही ऐकू येत नव्हते. काकूंनी खोळीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, “खर्ज उतरलाय रे, पाऊण सूर तरी.”

घरी आल्यावर खोळ काढून पाहिले. उतरला होता.