निरोपाआधी किंग हेन्रीज रोड

शिक्षण संपवून मायदेशी निघालेल्या मुलांना आम्ही चॉक फार्म स्टेशनवरून चालत १०, किंग हेन्रीज रोडला नेतो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर घेतलं. आज तिथे स्मारक आहे.

त्याआधीची हकिकत पुष्कळांना ठाऊक नसते. १९१६ साली बाबासाहेब लंडनला शिकायला आले, पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतले. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान पुस्तकांसकट समुद्रात बुडालं. तरी १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

यंदा सहा महिन्यांसाठी आलेल्या नागपूरच्या मुलीबरोबर तिची इथली मैत्रीणही आली होती. प्रिमरोज हिलवर बसून दोघींनी आमच्या डब्यातले लाडू खाल्ले. निघताना "जाते" नाही, "येते" म्हणायचं, हे ती मैत्रिणीला शिकवत होती. आम्ही मात्र एकमेकांकडे पाहिलं. आम्हीही घरी "येतो" म्हणूनच निघालो होतो. त्याला तीस वर्षं झाली!

मंडळी, तुमच्याकडची मुलं निघाली की त्यांना हे घर जरूर दाखवा. आणि जमलं तर त्यांच्याच विमानाचं आपलंही तिकीट काढा.