बाबांचा सीपीयू

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या कितीतरी घरांत पहिला संगणक आला तो लॅमिंग्टन रोडवरून. कंपनीचा तयार संगणक महाग पडायचा, म्हणून माहितगार मुलाला सोबत घेऊन ग्रँट रोडला उतरायचं आणि ‘असेम्बल’ करून घ्यायचा. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून कॅबिनेट, तिसऱ्यात मॉनिटरचा भाव. मुलुंड पूर्वेच्या एका घरात २००७ साली असाच एक संगणक टॅक्सीतून आला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. घरात त्या अख्ख्या काळ्या पेटीला सगळे सीपीयू म्हणत. अजूनही तेच म्हणतात.

बाबांना संगणक हवासा वाटला त्याच्यामागे २६ जुलै २००५ चा पाऊस होता. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी काठच्या वस्त्यांत शिरली. मामाचं घर कुर्ल्याला, तळमजल्यावर. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली, कपाटाचा खालचा खण मात्र पाण्यात राहिला, आणि आजीने जपलेले सगळे अल्बम त्याच खणात होते. नंतर ते उन्हात वाळत घातले. पानं सोडवायला गेलं की चेहरा प्लॅस्टिकला चिकटून निघून यायचा आणि हातात पांढरा कागद उरायचा. आईच्या माहेरचे जुने फोटो तेव्हापासून नाहीत.

भांडुपच्या कारखान्यातून निवृत्त होताच बाबांनी स्कॅनर आणला आणि आपल्या घरचे फोटो एकेक करून आत घ्यायला सुरुवात केली. काच पुसायची, फोटो सरळ ठेवायचा, झाकण दाबून धरायचं. ताई कॉलेजातून आली की त्यांच्या शेजारी बसून नावं टाइप करायची: कोण, कुठे, कुणाचं लग्न. मग कॅसेटींचा नंबर लागला. आजोबांनी गावच्या पाराबद्दल सांगितलेल्या गोष्टी एका टेपवर होत्या. सीडीच्या दर्जात उतरवलं तर तासाभराचा आवाज सहाशे एमबीच्या वर जातो, आणि १६० जीबीत सगळं बसवायचं होतं, तरी बाबांनी आजोबांचा आवाज दाबून लहान केला नाही.

त्याच सीपीयूवर सोसायटीचं कामही चालायचं. बाबा सेक्रेटरी होते. वार्षिक सभेचं इतिवृत्त, मेंटेनन्सच्या नोटिसा, गणेशोत्सवाची स्मरणिका, सगळं श्री-लिपीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर तेव्हा छापखान्यांपासून सोसायट्यांच्या ऑफिसांपर्यंत होतं. युनिकोड आलेलं होतं, पण स्मरणिका लागायची पेजमेकरमध्ये आणि पेजमेकरला युनिकोडमधलं मराठी जमत नसे. त्यामुळे जुने फाँटच चालू राहिले. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

मग घर बदलत गेलं. ताई लग्न होऊन बोरिवलीला गेली, तिच्या धाकट्या भावाने नोकरीला लागल्यावर लॅपटॉप घेतला, सगळ्यांच्या हातात फोन आले. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला आणि बाबांचा सीपीयू टेबलाखाली गेला. मॉनिटर भंगारवाल्याने नेला. फोटो फोनमधून परस्पर गूगलकडे जाऊ लागले आणि ते तिथे कायम फुकट राहतील असं सगळ्यांनी धरून चालवलं. १ जून २०२१ पासून ती अमर्याद सोय बंद झाली. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे पैसे. पैसे भरण्यात गैर काही नाही. पण घरातल्या चौघांची चार खाती, एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक नाही आणि आजोबांचा आवाज यांतल्या एकातही नाही, ही खरी अडचण होती.

इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भाड्याच्या छोट्या जागेत काय न्यायचं यावर रोज बोलणं व्हायचं. आई म्हणाली, “अरे, तो सीपीयू तरी देऊन टाक आता. किती वर्षं पायात येतोय.” बाबांनी एवढंच विचारलं, “माझ्या सोसायटीच्या फायली त्यातच आहेत ना रे?” सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत चढला.

नव्या जागेत धाकट्याने पेटी उघडली. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूला उभ्या असलेल्या चार कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं. १९९९ ते २००७ या काळात जगभर निघालेल्या असंख्य बोर्डांना या खराब कॅपॅसिटरांनी मारलं, आणि लोकांनी अख्खा संगणक गेला असं समजून तो टाकून दिला. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने जुने डिसोल्डर करून नवे बसवले. रॅमची सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसली, कारण मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर थर धरतोच. पंख्याखाली नवी पेस्ट लावली. बोर्डावरचा बटणासारखा सेल बदलला. तो मेला असला की संगणक दरवेळी जुनाच तारीख-वार दाखवत उठतो, आणि जिथे फाइल कधीची आहे याला महत्त्व आहे तिथे असं घड्याळ चालत नाही.

सगळ्यात आधी जुन्या डिस्कवरचं सगळं बाहेर काढलं. पेटी दुरुस्त झाली म्हणून तीच डिस्क पुढे वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पण बोर्ड दुरुस्त करता येतो, मेलेल्या डिस्कवरचा फोटो परत आणणं महागाचं आणि बेभरवशाचं काम आहे. १६० जीबीच्या डिस्कला निवृत्ती मिळाली आणि तिच्या जागी चार टीबीची नवी आली. इतक्या मोठ्या डिस्कवरून संगणक सुरू करताना जुना बायोस अडखळू शकतो, म्हणून लिनक्स वेगळ्या छोट्या एसएसडीवर टाकलं. मोठी डिस्क फक्त साठवायला.

घरच्या सगळ्या फायली सांभाळणारा सर्व्हर म्हणून इतका जुना प्रोसेसर पुरतो का? पुरतो, अगदी आरामात. फाइल मागितली की काढून द्यायची, दिली की ठेवून घ्यायची, एवढ्याला डोकं फार लागत नाही. २०११ पासून मिळणारी ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली डेबियन लिनक्सवर चालते आणि तिला एक जीबी रॅमही चालते. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा आहे ही बाब २००७ साली दुकानात कुणी विचारलीही नव्हती, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसण्याची सोय काढून टाकली आणि हा सीपीयू त्या रेषेच्या अलीकडे राहिला. लिनक्सच्या पेटीतलं फोल्डर विंडोजच्या लॅपटॉपवर आपल्याच घरातलं असल्यासारखं दिसतं ते साम्बामुळे. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९१ च्या अखेरीस ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांना मोफत दिलं. मुलुंडच्या एका भाड्याच्या खोलीत त्याच्यावर आजोबांचा आवाज चालतो, हे त्याला कधी कळणार नाही. त्याचे आभार मानावेत असं मात्र वाटतं.

विजेचा प्रश्न खरा आहे. अशी पेटी सतत ५० वॅट घेत असेल तर महिन्याला ३६ युनिटं होतात, आणि महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्यात गेलं की ती बोचतात. म्हणून सीपीयू रात्री आपोआप बंद होतो आणि सकाळी बायोसच्या गजराने उठतो. दिवसरात्र चालवायचं असेल तर कमी वीज खाणारी छोटी पेटी विकत घेणंच शहाणपणाचं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती ते आठवून शेजारी यूपीएसही ठेवला आहे. पेटी नीट बंद होण्याइतका वेळ त्याने दिला तरी काम झालं.

बाहेरून, म्हणजे ऑफिसातून किंवा ताईकडून, या पेटीत शिरता यावं ही सोय मात्र जपून केली. उपनगरातल्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, अनेक घरं मिळून एकच पत्ता वापरतात. मिळाला तरी फायलींचं दार सरळ रस्त्यावर उघडं ठेवू नये. जायचंच तर वायरगार्डसारख्या बंदिस्त वाटेने.

आणि एका पेटीत ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत ठेवल्या तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. पाणी आलं तर दोन्ही एकदमच भिजतात, आणि कुर्ल्याचा तो खण या घरात कुणी विसरलेलं नाही. म्हणून एक वेगळी प्रत बोरिवलीला. दर भाऊबीजेला धाकटा पिशवीत एक डिस्क घेऊन निघतो, दादरला गाडी बदलतो, ताईकडची जुनी डिस्क घेऊन परततो. ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलेल्या त्या डिस्कचं भाच्यांना आता नवल वाटत नाही.

फोटो उघडले, आवाज वाजला. अडलं ते बाबांच्या फायलींपाशी. पडद्यावर मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं आणि तिरप्या रेघा असलेली युरोपीय अक्षरं उमटली. फाइल जशीच्या तशी होती, तिचा फाँट नव्हता. जुन्या पद्धतीत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. फाँट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात, आणि शोध घेऊन काही सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या फायलीत मराठी नसतंच. महाराष्ट्रातल्या किती मंडळांच्या, ग्रंथालयांच्या, छोट्या प्रकाशकांच्या डिस्कवर असा मजकूर पडून असेल याचा विचार केला की जीव कासावीस होतो. तो जपण्याची घाई आता करायला हवी, त्या फाँटांत लिहिलेली माणसं आहेत तोवर.

धाकट्याने जुन्या डिस्कवरून फाँट शोधून सर्व्हरवर वेगळे ठेवले आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घेतला. बदलणारं साधन बहुतेक काम करतं, पण वेलांटी आणि रफारापाशी अडखळतं. जुन्या फाँटात ह्रस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर आलं की दोन्ही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ‘वार्षिक’मध्ये तर दोन्ही एकाच शब्दात.

याच सुमारास रिडेव्हलपमेंट समितीला २००९ च्या सभेतला एक ठराव हवा होता. दोन सदनिका जोडायला दिलेल्या परवानगीचा. सोसायटीच्या रजिस्टरला वाळवी लागली होती. ठराव बाबांच्या फायलीत निघाला. “सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं आहे बघ,” बाबा म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी प्रिंट मागितली, तर बाबांनी आधी ती स्वतः तपासली आणि तीन रफार जागेवर आणले.

आता रोज दुपारी चहानंतर ते लॅपटॉप उघडून सीपीयूवरच्या एकेका फायलीची दुरुस्ती करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षर मोठं करून वाचावं लागतं. सध्या २०१० ची स्मरणिका चालू आहे. जाहिरातींची पानं झाली, देणगीदारांची यादी व्हायची आहे, आणि तिच्यातल्या आडनावांत रफार पुष्कळ आहेत.